अडीनडीची गाडी

"संकट असं काही नसतंच. माणूस बेसावध सापडतो आणि त्याला संकट म्हणतो. ज्याची तयारी पुरी, त्याला या पृथ्वीच्या पाठीवर कसलंही भय नाही."

लोणखेड्याच्या हिलाल पाटलांनी हे विचार एका सकाळी खड्या आवाजात मांडले, तेव्हा ते गावाबाहेरच्या नाल्यात गुडघाभर चिखलात उभे होते आणि त्यांची दमणी, म्हणजे छपराची छोटी बैलगाडी, शेजारी एका कुशीवर आडवी झालेली होती. दोन चाकांमधला आख मोडला होता. मोडायचं कारण असं, की दमणीत एक जादा आख ठेवलेला होता. त्या जादा आखाच्या वजनात जादा चाकाचं, पाण्याच्या डेऱ्याचं, साखळदंडाचं, वंगणाच्या नळ्याचं आणि कडब्याच्या पेंढ्यांचं वजन पडलं, तेव्हा मूळच्या आखाने हात टेकले.

"ते समदं खरं शे," काठावर पदर सावरून बसलेली त्यांची बायको धनुबाई म्हणाली. "पण आते तो जादाना आख काढा ना."

"तो कसा काढसू?" पाटील म्हणाले. "तो लावी दिना, तर मंग जादाना कोणता ऱ्हाई?"

भिला गडी गावात जाऊन सुताराला घेऊन आला. सुताराने नवा आख घडवून बसवेपर्यंत उन्हं डोक्यावर आली. जादाचा आख त्या सबंध वेळात काठावर सावलीला सुखरूप पडून होता.

हिलाल पाटलांच्या बंदोबस्ताला थर होते. सगळ्यात आतला थर कमरेचा. बंडीच्या आत मेणकापडाची एक चपटी पिशवी बांधलेली असे. तिच्यात काडेपेटी, सुतळी, चाकू, हळकुंड आणि गुळाचा खडा. अंघोळीपुरती ती सुटायची, पण तेव्हाही समोरच्या दगडावर, नजरेच्या टप्प्यात. दुसरा थर खांद्यावरच्या झोळीचा. तिच्यात हेच सगळं पुन्हा, शिवाय कंदिलाची वात, कापडाच्या पट्ट्या आणि एरंडेलाची बाटली. तिसरा थर दमणीतल्या पत्र्याच्या पेटीचा. आणि दमणी हीसुद्धा शेवटी एक वस्तूच, तेव्हा तिच्या मागून एक रिकामा खटारा चालायचा. तो हाकायचं काम भिलाकडे. खटाऱ्याच्या मागे काहीच नाही, ही गोष्ट मात्र पाटलांना फार खुपत असे.

"खटाराना मांगे आखो एक गाडी जोडू का?" त्यांनी एकदा धनुबाईला विचारलं होतं.

"जोडा की. तिन्हा मांगे मी पायी चालसू. मी बी जादानीच शे."

नाल्यातल्या अपघातातून पाटलांनी धडा घेतला. तो असा नव्हे, की सामान कमी करावं. धडा असा, की वस्तू आणि तिची राखीव जोड एका गाडीत ठेवू नये. गाडी पडली तर दोन्ही एकदमच पडतात. त्या दिवसापासून दमणीतलं सगळं खटाऱ्यात गेलं. झोळीसुद्धा खटाऱ्याच्या खुंटीला लटकली, कारण कमरेचं आणि खांद्याचं एकाच अंगावर असणं त्यांना धोक्याचं वाटू लागलं. आणि दोन्ही गाड्या एकाच नाल्यात पडू नयेत, म्हणून खटाऱ्याने दमणीच्या मागे दोन हाकांच्या अंतरावर राहायचं, असा भिलाला हुकूम झाला. एका हाकेचं अंतर फार जवळ, तीन हाकांचं फार लांब.

मुख्य नियम जुनाच होता. राखीव वस्तू वापरायची नाही. वापरली की ती राखीव राहत नाही.

गाव हसायचं. यम दारात आला तर आबा त्याच्यापुढे जादाचा हिलाल पाटील उभा करतील, असं पारावर बोललं जायचं. हसणाऱ्यांतली जुनी माणसं मात्र मध्येच थांबायची आणि तंबाखूची डबी उघडायची. त्यांना ठाऊक होतं. पाटलांचं पहिलं मूल, मुलगा, रांगता असताना तापाने फणफणला. त्याला घेऊन नवरा-बायको तळोद्याच्या वैद्याकडे निघाली. वाटेत चाकाची खीळ गळून पडली. दुसरी खीळ नव्हती. पाटील ती शोधत वाटेने मागे गेले. बऱ्याच वेळाने खीळ घेऊन परतले, तेव्हा धनुबाईने मुलाला पदराने वारा घालायचं थांबवलं होतं.

त्यानंतर गजरा झाली. गजराच्या पाठीवर कोणी नाही.

ती लढाईची वर्षं होती. रॉकेल दिसेनासं झालं होतं. काडेपेटी मिळाली तर माणसं ती देवघरात ठेवत. त्यात त्या साली पाऊस उशिरा आला आणि आला तसा जाईना. कापूस सगळीकडे एकदमच फुटला आणि वेचायला हात मिळेनात, कारण मजूर सरकारी सडकेच्या कामावर गेलेले. नेमक्या त्या हंगामात गजराचे दिवस भरत आले.

तिचं सासर तळोद्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. सासरे धुडकू पाटील, मोठे कास्तकार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांनाही मान्य होती. म्हणून सातव्या महिन्यात हिलाल पाटील लेकीला आणायला गेले, पुढे दमणी, मागे दोन हाकांवर खटारा.

धुडकू पाटील ओट्यावर उभे राहून खटारा येईपर्यंत वाट बघत राहिले. तो आल्यावर म्हणाले, "याही, एक पोर नेवाले दोन गाड्या? हाई काय, दुसरी वऱ्हाडनी शे का?"

"दुसरी पहिलीकरता शे," हिलाल पाटील म्हणाले.

"आनि पहिली?"

"पहिली पोरकरता."

ओट्यावरचे चारचौघं हसले. हिलाल पाटीलही थोडे हसले, कारण मुलीचा बाप व्याह्याच्या ओट्यावर दुसरं काय करणार. मग धुडकू पाटलांनी त्यांना हाताला धरून शेताकडे वळवलं. "देखा. समदं पांढरं व्हई गयं. वेचाले माणूस नही. घरनी बाई अशा येळे धाडी दिऊ, तर मी काय करू? थोडा कापूस निघू द्या."

तेवढ्यात गजरा शेतातून आली. पुढे कापसाची ओटी बांधलेली, गच्च भरलेली. कापूस कुठे संपतो आणि मूल कुठून सुरू होतं, ते बघणाऱ्याला कळत नव्हतं. बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे. बापाला बघून ती ओटी सोडायला लागली, पण गाठ मागे होती आणि हात पोचत नव्हता.

"आबा, माय काय करी ऱ्हायनी?"

"तुन्ही वाट देखी ऱ्हायनी," पाटील म्हणाले, आणि ती गाठ त्यांनी सोडली.

निघताना धुडकू पाटलांची नजर खटाऱ्यातल्या दोराच्या वेटोळ्यावर गेली. "भलता चांगला शे. मन्हा मोटले दोर नही. ऱ्हाऊ द्या आठे." व्याह्याला नाही म्हणता येत नाही. लेक न घेता आणि दोर देऊन पाटील परतले. वाटभर ते मान वळवून खटाऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

आठव्या महिन्यात बाईने शीव ओलांडायची नाही, असा आमच्याकडे कडक रिवाज. त्यामुळे तो महिना घरात बसून गेला. धनुबाईने डिंक कुटला, शेपा निवडल्या, जुनी लुगडी धुऊन मऊ केली. पाटलांनी खटाऱ्याची चाकं काढली आणि परत बसवली.

नववा लागला तसा धुडकू पाटलांचाच निरोप आला, की या आणि घेऊन जा. या खेपेला धनुबाई स्वतः निघाली. तिने बाळंतपणाचं एक गाठोडं बांधलं: मऊ लुगडं, दोरा, तेल, नवं पातं, ओवा.

"हाई मी मन्हा मांडीवर लिसू," ती म्हणाली.

"नही. पोर दमणीमा, नि तिन्हं गाठोडं बी दमणीमा? दमणी कलंडनी तर?"

"दमणी कलंडनी तर पोर बी कलंडी, मी बी कलंडसू. गाठोडं एकटं वाचीसन काय करी?"

पाटील गाठोड्याची गाठ आवळत होते. धनुबाईचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. गाठ दोनदा निसटली. मग तिनेच ती बांधली, गाठोडं उचललं आणि खटाऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत, कडब्याच्या खाली, नेऊन ठेवलं.

"ठेवं बरं. चला आते."

धुडकू पाटील या वेळी मवाळ झाले होते. विहीणबाईंनी दोघींच्या ओट्या भरल्या, बैलांना सरकी घातली. दोराचा विषय कोणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गजराला दमणीत सरकीच्या पोत्यांवर गादी घालून बसवली. डोंगरावरून गार वारा उतरत होता. तिच्या अंगावर आईने दोन गोधड्या टाकल्या आणि पाटलांनी तिसरी टाकली.

पाटील गाडीत बसले नाहीत. कासरा हातात धरून बैलांच्या पुढे चालू लागले. चाकोरीत दगड दिसला की वाकायचे, तो उचलून बाजूला ठेवायचे, परत कासरा धरायचे. फेकत नसत, ठेवत असत. फेकला तर आवाजाने बैल बुजतील.

"आबा, वर बठा ना," गजरा आतून म्हणाली.

"तू झोप. मी वाट साफ करी ऱ्हायनू."

"तळोदापासून लोणखेडालोंग साफ करशात का?"

"करसू."

"करू दे," धनुबाई म्हणाली. "तुन्हा बापले काम भेटनं. घरमा बठीसन खटारानी चाकं काढी ऱ्हायंता."

गजरा हसली, आणि हसताना तिने पोटाला हात लावला.

तळोदा मागे पडल्यावर सडकेला दोन फाटे फुटत होते. सरकारी रस्त्यावर नवी खडी पसरलेली, अजून दाबलेली नव्हती. पाटील थांबले. वाकून खडीचा एक तुकडा उचलला आणि त्याची धार अंगठ्याने बघितली. यावरून दमणी नेली तर पोरीची हाडं खिळखिळी होतील. डावीकडून शेतांमधून एक जुनी मातीची वाट जात होती, पळसांच्या रांगेतून. लांबची, पण मऊ. त्यांनी बैल डावीकडे वळवले आणि मागे तोंड करून हाक दिली, "भिलाऽऽ, डावे हात ये रेऽऽ!"

वारा डोंगराकडून, भिलाच्या बाजूने येत होता. हाक त्यांच्याच तोंडावर परत आली. भिला दोन हाकांवर होता, हुकमाप्रमाणे. सडकेच्या वळणावर तो आला, तेव्हा दमणी पळसांच्या आड गेलेली होती. माणूस सडकेनेच जाणार, असं समजून त्याने खटारा खडीवर घातला आणि दातावर दात आपटत सरळ निघून गेला.

ऊन तापायच्या सुमाराला गजराने आईचा हात घट्ट धरला. धनुबाईने एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गोधड्या दूर केल्या.

"गाडी थांबाडा."

"काय व्हयनं?"

"व्हवानं तेच व्हयनं. सावलीमा ल्या गाडी. नि गाठोडं आना."

"भिला यी ऱ्हायना," पाटील म्हणाले. बैल सोडले, दमणीला दगडांची अटकण लावली. मग वाटेवर उभे राहून हाक मारली. थांबले. दुसरी मारली. दोन हाका झाल्या. हिशेबाप्रमाणे भिला आता यायला हवा होता. वाटेवर एक टिटवी तेवढी धावत गेली.

गजरा दमणीत कण्हली. पाटलांनी धोतर वर खोचलं. "मी जास. देखीसन येस. सडकवर व्हई तो. आते उनू."

ते चार पावलं गेले असतील. मागून धनुबाईचा आवाज आला, मोठा नव्हता.

"गजराना बाप."

ते वळले. ती दमणीच्या तोंडाशी उभी होती, एक हात आत लेकीच्या हातात.

"आज मांगे नका जाऊ."

पाटील जागच्या जागी उभे राहिले. मग ते परत आले आणि काही सुचेना म्हणून अटकणीचे दगड पुन्हा घट्ट केले.

"काय शे तुम्हनाजोडे?" धनुबाईने विचारलं.

पाटलांनी बंडीत हात घातला. मेणकापडाची पिशवी सोडली आणि इतक्या वर्षांत प्रथमच उघडली. काडेपेटीतल्या काड्यांचा गूल एकमेकांना चिकटून लापशी झालेला होता. सुतळीला हात लावला तर तिचा कोंडा झाला. चाकू म्यानात गंजून बसला होता, ओढला तर मूठ तेवढी हातात आली. गूळ मुंग्यांनी केव्हाच नेला होता, कागद ठेवून. शाबूत निघालं ते हळकुंड.

धनुबाई त्या तळहाताकडे बघत राहिली. "इतला वरीस कंबरले काय बांधीसन फिरनात तुम्ही?"

आणि तशा त्या वेळी तिला हसू फुटलं. ते आवरेना. दमणीच्या काठावर कपाळ टेकून ती हसली. आतून गजराही दोन कळांच्या मधे हसली आणि म्हणाली, "माय, हसाडू नको, दुखस."

पाटील हळकुंड हातात धरून उभे होते. त्यांनाही हसायचं होतं, पण डोळ्यांनी भलतंच काही केलं.

डोंगराकडून एक पावरा आदिवासी जोडपं येत होतं. सुरुपसिंग आणि त्याची बायको रूपलीबाई, कापूस वेचायला खाली निघालेली. त्याच्या खांद्यावर काठी, काठीला बोचकं. तिच्या डोक्यावर मडकं, मडक्यात डाळ-मीठ, मडक्यावर विळा. एवढंच घर. दमणीजवळ आल्यावर रूपलीबाईने कण्हणं ऐकलं, मडकं उतरवलं आणि कोणाला न विचारता आत डोकावली. ती पावरीत काहीतरी बोलली. धनुबाईला त्यातला शब्द कळला नाही. पण रूपलीबाईने बाही वर सारली तशी धनुबाईने सरकून तिला जागा दिली.

मग कामं निघत गेली. सुरुपसिंगने चकमक झाडून कापसाच्या बोळ्यावर विस्तव धरला. पाणी त्याच्या भोपळ्यातलं. रूपलीबाईने मडक्यातली डाळ बोचक्यात ओतली, मडकं घासून तीन दगडांच्या चुलीवर चढवलं, विळ्याचं पातं जाळात धरलं. मग तिने कापड मागितलं, हाताने अंगाभोवती गुंडाळायची खूण करून.

धनुबाईने आपल्या नेसूकडे बघितलं. नऊवारी लुगडं, वाटेवर, परक्या माणसासमोर. तिने नवऱ्याकडे बघितलं.

लोणखेड्यात हिलाल पाटलांचं डोकं उघडं बघितलेलं माणूस सापडणं कठीण होतं. त्यांनी फेट्याचं टोक मोकळं केलं. फेटा सुटत गेला, सुटत गेला, दर खेपेला वाटायचं संपला. पांढरा, शेकडो धुण्यांनी मऊ झालेला. त्यांनी तो घडी घालून बायकोच्या हातात दिला, देवाला वस्त्र द्यावं तसा. मग बंडी काढून दमणीच्या तोंडाला आडोसा म्हणून टांगली.

रूपलीबाईने दोरा मागितला. नाळ बांधायला.

सुतळीचा कोंडा झालेला. रूपलीबाईने पाटलांच्या कमरेकडे बोट केलं. काळा करदोडा, पक्का पिळाचा, दसऱ्याला नवा घातलेला.

पाटलांनी कमरेवर हात ठेवला. नवा चढवल्याशिवाय जिवंत माणसाच्या कमरेवरून करदोडा उतरत नाही. उतरतो तो सरणाच्या वेळी. शिवाय पाटलांचा देह सडपातळ, धोतर टिकायचं ते त्या करदोड्याच्या भरवशावर.

"गजरानी माय," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तो कसा काढसू?"

"तुम्ही मरी गयात का?"

"नही."

"मंग काढा."

विळ्याच्या टोकाने करदोडा तुटला. रूपलीबाईने तो उकळत्या पाण्यात टाकला. पाटलांनी धोतराची गाठ मारली, ती बसेना. दुसरी मारली, तीही सुटली. शेवटी एका हाताने धोतर आणि दुसऱ्याने बैलांचा कासरा धरून ते दमणीकडे पाठ करून उभे राहिले. डोक्याला ऊन लागत होतं. इतक्या वर्षांनी लागलेलं ते ऊन त्यांना फार मोठं वाटलं.

सुरुपसिंग शेजारी उकिडवा बसून विडी ओढत होता. आतून लेकीचा आवाज आला की पाटील खांदे आवळत. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्हनाजोडे दुसरं मडकं शे का?"

"नही," सुरुपसिंग म्हणाला.

"हाई फुटनं तर?"

"फुटनं तर फुटनं."

"मंग डाळ कसामा शिजाडशात?"

सुरुपसिंगने विडीचे दोन झुरके घेतले. "मंग भुंजीसन खासूत."

पाटलांना त्या माणसाची फार काळजी वाटली.

आत एकाएकी सगळं शांत झालं. गजरा थांबली. धनुबाईचा आवाज नाही, रूपलीबाईचा नाही. बैलाने शेपूट हलवली ती तेवढी ऐकू आली. पाटील वळले नाहीत. त्यांच्या हातातला कासरा गच्च झाला, बैलाने मान वर केली. सुरुपसिंगने विडी विझवली.

आत चापट वाजली. अजून एक. रूपलीबाई दातांतल्या दातांत काही पुटपुटत होती, एकसारखी, मारकुट्या गाईला गोंजारावं तशी. मग फुंकर मारल्याचा आवाज. आणि मग एक बारीक, चिडकं, खरखरीत रडणं, जणू कोणाला झोपेतून उठवलं म्हणून तक्रार.

पाटलांनी कासरा सोडून दिला. बैल कुठेही गेले नाहीत.

"पोर शे!" धनुबाई आतून ओरडली. "गजरा चांगली शे. दोन्ही चांगल्या शेत. आयकनात का?"

"आयकनू," पाटील म्हणाले. पण तो शब्द त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही.

थोड्या वेळाने पळसांच्या मागून खटाऱ्याचा खडखडाट आला. भिला सडकेने बराच पुढे गेला होता, दमणी दिसेना म्हणून उलटा फिरला होता आणि चाकांचे माग काढत आला होता. मालकाला उघड्या डोक्याने, उघड्या अंगाने, धोतर मुठीत धरून उभा बघून त्याने खाली उडी मारली.

"आबा! चोर उनथात का?"

"नही रे."

"मी दोन हाकासवरच व्हतू, आबा. तुम्ही सांगं तसा."

"माले मालूम शे," पाटील म्हणाले. "पेटी उघाड."

"कोणती पेटी?"

"समद्या उघाड."

भिला गोंधळला. "आबा, जादानं बी?"

"जादानं बी."

"आबा, तुम्हले ऊन तर लागनं नही?"

मग पेट्या उघडल्या गेल्या. मऊ लुगडी निघाली, तेल, तूप, ओवा, डिंक, मुंग्यांनी न नेलेला गूळ, कोरडी काडेपेटी, रॉकेलची बाटली. भिला एकेक वस्तू काढून गवतावर मांडत होता आणि दर वस्तूगणिक मालकाकडे बघून खात्री करून घेत होता. धनुबाईने लेकीला तिथल्या तिथे गूळ-तूप भरवलं. पाटलांनी रॉकेल आणि लुगडं रूपलीबाईपुढे ठेवलं. त्या साली रॉकेलची बाटली कोणी सख्ख्या भावाला देत नव्हतं. ती मागे सरकली. धनुबाईने बाटली तिच्या ओटीत घातली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. दोघींना एकमेकींची भाषा तेव्हाही येत नव्हती.

मग पाटलांनी पेटीच्या तळातून एक कोरं मडकं काढून सुरुपसिंगला दिलं.

"हाई दुसरं मडकं. हाई मातर वापरू नका."

सुरुपसिंगने मडकं उलटंसुलटं करून बघितलं, बोटाने वाजवलं, आणि गंभीरपणे मान हलवली.

ऊन कलतीला लागलं होतं. डोंगर निळे दिसायला लागले. दमणीच्या तोंडावरून धनुबाईने बंडी बाजूला केली. गजरा गादीवर पडल्या पडल्या बापाकडे बघत होती, केस कपाळाला चिकटलेले. धनुबाई खाली उतरली. तिच्या हातात फेट्यात गुंडाळलेलं एवढंसं लाल तोंड होतं.

"ल्या. तुम्हनी नात."

पाटलांनी मान खाली घालून त्या तोंडाकडे बघितलं. मग मान वर केली. छाती भरून श्वास घेतला. हा श्वास लोणखेड्यात सर्वांच्या ओळखीचा होता; भिलाने हातातलं काम थांबवलं, गजराने डोळे मोठे केले, आणि परिचय नसतानाही सुरुपसिंग उठून उभा राहिला.

"आयका," पाटील म्हणाले. "आज माले एक गोष्ट समजनी. जन्मभर मी जे करं, त्यान्हा अर्थ आज माले समजना. माणूसनं खरं..."

"आधी ल्या हाई," धनुबाई म्हणाली. "मन्हा हात दुखी ऱ्हायनात. नि दोन्ही हातवरी धरा, मान कवळी शे."

पाटील थांबले. त्यांनी नातीकडे बघितलं, मग आपल्या मुठीकडे, मग परत नातीकडे.

"भिला," ते हळूच म्हणाले, "जरा मन्हं धोतर धर रे."